कोणाची पोर?
विनोदी मालिकांतील मैत्री, मागे राहिलेली नाती आणि माणसाची ओळख

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमचा मुक्काम चार दिवस नरडाण्याला होता. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील हे गाव. सुरत-भुसावळ लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून जातो आणि अलीकडच्या काळात येथे औद्योगिक वसाहतही उभी राहिली आहे. त्यामुळे गाव जुने असले तरी भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, पाळीवर जाणारी, कुठून कुठून आलेली तरुण मंडळी येथे आता ठायी ठायी दिसतात. आम्ही ज्या स्नेह्यांकडे उतरलो होतो, त्यांच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की त्यांची नात जुन्या मालिकांचे भाग लावून बसत असे. कळण्याची भाकरी आणि ठेचा यांवर ताव मारून जडावलेले आम्हीही तिच्या शेजारी जाऊन बसत होतो.

ती पाहत होती ती ‘दिल दोस्ती दुनियादारी’. झी मराठीवर २०१५ च्या मार्चमध्ये सुरू झालेली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत संपलेली ही मालिका. सहा तरुण मुले-मुली मुंबईतील एका घरात एकत्र राहतात, एवढेच तिचे सूत्र. नात हसत होती, आम्हीही हसत होतो. खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या आजी मात्र हसत नव्हत्या. त्यांचे लक्ष रेश्मा नावाच्या मुलीवर खिळले होते. शेवटी न राहवून त्यांनी आपल्या अहिराणीत विचारले, “हाई पोर कोननी शे?”

ही मुलगी कोणाची? नातीने सांगितले, “आजी, ती कोणाची नाही. त्या सगळ्यांची मैत्रीण आहे.” आजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “मैतरीन ठीक शे. पन कोननी?”

सगळे पुन्हा हसले. आम्हांला मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. विनोदी मालिकेविषयी इतका नेमका प्रश्न आम्ही कोणत्याही समीक्षकाच्या लेखणीतून उतरलेला वाचला नव्हता. माणूस कोण आहे हे ठरते कशावरून? तो कोणाच्या पोटी जन्मला यावरून, त्याने कोणाशी संसार मांडला किंवा मोडला यावरून, की रोज संध्याकाळी तो कोणाच्या शेजारी बसतो यावरून? मराठी विनोदी मालिकांनी या प्रश्नाला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ती उत्तरे तपासून पाहावीत, असा या लेखाचा उद्देश आहे.

जोडीने ओळखला जाणारा माणूस

विनोदी मालिकेचा घाट नाटकाहून वेगळा असतो. नाटकातील पात्र दोन-तीन तासांत बदलते, निदान उलगडते तरी. मालिकेतील पात्राला आठवड्यामागून आठवडे आपल्या घरी यावयाचे असते आणि दर वेळी ते ‘तेच’ असावे लागते. ते फार बदलले तर प्रेक्षक नाराज होतो. मुळीच बदलले नाही तर कंटाळतो. या पेचातून वाट काढण्याचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पात्राला एक सोबती देणे. पात्र जागच्या जागी राहते, पण सोबत्याशी होणाऱ्या घर्षणातून त्याचे नवे पैलू दिसत राहतात.

आपल्याकडे या उपायाचा पहिला मोठा दाखला चिमणराव-गुंड्याभाऊंचा. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्याला असलेले पाली भाषेचे व्यासंगी पंडित; पण मराठी माणसाच्या लक्षात राहिले ते चिमणरावाचे जनक म्हणून. चिमणराव स्वतःची कथा स्वतः सांगतो. तो किडकिडीत, भिडस्त, पुणेरी पापभीरू कारकून. गुंड्याभाऊ नात्याने त्याचा भाऊ, पण वाचकांच्या मनात तो त्याचा मित्रच. देहाने आडदांड, स्वभावाने धसमुसळा, संकटात आधी उडी घेणारा आणि मग संकट कोणते ते विचारणारा. या दोघांना १९४० साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पाहावे करून’ या चित्रपटात पडद्यावर आणले. तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने त्यांची मालिका केली, तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई केंद्राचे चित्र त्या काळी खानदेशापर्यंत येत नव्हते. आमच्या भागातील लोकांना ही जोडी आधी पुस्तकांतून भेटली आणि दूरचित्रवाणीच्या रूपात पुष्कळ उशिरा.

नट बदलले, माध्यमे बदलली, जोडी मात्र टिकली. असे का व्हावे? आमच्या मते याचे कारण असे, की यातला एकटा चिमणराव ही व्यक्तिरेखाच होऊ शकत नाही. गुंड्याभाऊ नसता तर चिमणराव घरी बसला असता. त्याच्या भित्रेपणाला भित्रेपणा दाखवण्याची संधीच मिळाली नसती. भित्रा माणूस ओळखू येतो तो धाडशी माणसाच्या शेजारी उभा राहिल्यावर. आणि दुसऱ्या बाजूने पाहता, गुंड्याभाऊच्या अंगातील रग वाया जात नाही, तिची गोष्ट होते, ती चिमणरावासारखा सांगणारा जवळ आहे म्हणून. एकाला प्रसंग हवा असतो, दुसऱ्याला साक्षीदार. मैत्री ही अशी एकमेकांची उणीव भरून काढते.

ही ओळख किती पक्की बसते, याचे एक गमतीदार आणि थोडे हृद्य प्रमाण आहे. बाळ कर्वे यांनी पुढे रंगभूमीवर आणि चित्रपटांत पुष्कळ भूमिका केल्या. तरी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा लोकांच्या ओठी पहिले नाव आले ते गुंड्याभाऊंचेच. जोडीतील एकजण म्हणून मिळालेली ओळख नटाच्या स्वतःच्या नावाहूनही चिवट निघाली.

तरीही येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चिमणराव-गुंड्याभाऊंची मैत्री घराच्या आतील आहे. चिमणरावाला बायको आहे, मुले आहेत, वडीलधारी माणसे आहेत. गुंड्याभाऊ त्या घराच्या उंबऱ्यावर येऊन बसतो. आजींनी चिमणरावाविषयी “हा कोणाचा?” असे विचारले असते, तर उत्तर देताना कोणाची अडचण झाली नसती. मैत्री त्याला रंग देते. मूळ आकार कुटुंबानेच दिलेला आहे.

एकाच घरातील तीन मालिका

यानंतरच्या प्रवासाचा विचार करताना आम्हांला एक योगायोग फार बोलका वाटतो. मोहन गोखले, शुभांगी गोखले आणि त्यांची कन्या सखी गोखले या एकाच कुटुंबातील तीन कलावंतांनी तीन वेगवेगळ्या काळांतील तीन हलक्याफुलक्या मालिकांत महत्त्वाच्या भूमिका केल्या आहेत. या तीन मालिका ओळीने मांडल्या की माणसाच्या ओळखीविषयीचे आपले बदलते मत आपोआप डोळ्यांसमोर येते.

पहिली ‘मि. योगी’. एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर आलेली ही हिंदी मालिका केतन मेहता यांनी दिग्दर्शित केली होती. तिचा आधार मधु राय यांची गुजराती कादंबरी. मोहन गोखले यांनी रंगवलेला योगेश पटेल अमेरिकेहून लग्नासाठी हिंदुस्थानात येतो आणि बारा राशींच्या बारा मुली पाहायच्या असे ठरवतो. विनोद या ‘पाहण्यात’ आहे. पण नीट पाहिले तर या माणसाला मागचे काही नाही आणि सोबतही कोणी नाही. प्रत्येक मुलीसमोर तो नव्याने कोरा होऊन बसतो. तो स्वतः कोण आहे हे त्याला ठाऊक नसल्यामुळेच त्याला कोण हवे हे त्याला कळत नाही. ज्याला मित्र नाही त्याला निवड करता येत नाही, असा या मालिकेचा एक अर्थ आम्ही लावतो. मोहन गोखले १९९९ साली अकाली गेले. त्यांच्या डोळ्यांतला तो गोंधळलेला, थोडा फुशारकीचा, थोडा केविलवाणा भाव ज्यांनी पाहिला असेल त्यांना आम्ही काय म्हणतो ते उमगेल.

दुसरी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. अल्फा मराठी वाहिनीवर २००१ ते २००४ या काळात ही मालिका झाली. दिलीप प्रभावळकर यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर ती आधारलेली होती आणि केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली होती. आबा टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडे शिऱ्या आणि शलाका, एवढ्या पाचजणांचे घर. श्यामलेची भूमिका शुभांगी गोखले यांची. येथे मित्राचे काम आजोबा करतात. आबांजवळ वय आहे, मागे पडलेला काळ आहे. पण त्या काळाचे ओझे ते नातवंडांच्या डोक्यावर ठेवत नाहीत. ते तो काळ दैनंदिनीत उतरवून ठेवतात आणि रिकाम्या हातांनी नातवंडांशी खेळायला येतात. भूतकाळ असावा, पण तो दुसऱ्याला मोजण्याची फूटपट्टी होऊ नये, ही या मालिकेची शिकवण कोणी शब्दांत सांगितली नाही. प्रभावळकरांच्या चालण्या-बोलण्यातून ती पोहोचली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चिमणराव झालेला हाच नट येथे आजोबा झाला होता, ही गोष्टही मराठी प्रेक्षकांच्या मनात कुठेतरी काम करीत असणार.

तिसरी मालिका ‘दिल दोस्ती दुनियादारी’, आणि तिच्यातील रेश्मा म्हणजे सखी गोखले. आईने सून होऊन घर सांभाळले होते. मुलगी घराबाहेर पडून मित्रांच्या घरात आली.

माजघर

या मित्रांच्या घराला मालिकेने नाव दिले आहे ‘माजघर’. या एका शब्दासाठी आम्ही लेखकमंडळींना मनापासून दाद देतो. जुन्या घरात ओसरी पाहुण्यांची, स्वयंपाकघर चुलीचे, आणि या दोहोंमधली जागा ती माजघर. आल्यागेल्याला तेथे प्रवेश नसे. बाळंतिणीची खाट तेथे, दुपारची कुजबूज तेथे, माहेरी आलेल्या मुलीचे रडणेही तेथेच. ज्या खोलीत फक्त घरच्यांनी यावे, ती खोली या मालिकेने सहा परक्या मुलांना दिली. रक्ताच्या नात्याने न बांधलेली माणसे एकमेकांच्या माजघरात येऊ शकतात का, हा मालिकेचा खरा प्रश्न आहे आणि तो तिने दाराच्या पाटीवरच लिहून ठेवला आहे.

या घरातील सहाजण असे: शिस्तीचा सुजय (सुव्रत जोशी), गाण्याच्या नादातील कैवल्य (अमेय वाघ), भोळसट आशुतोष (पुष्कराज चिरपुटकर), अभिनयाचे वेड असलेली मीनल (स्वानंदी टिकेकर), ॲना मॅथ्यूज (पूजा ठोंबरे) आणि रेश्मा इनामदार. यांतील पाचजणांचे येणे आपण समजू शकतो. कोणी नोकरीसाठी येतो, कोणी स्वप्नापायी. रेश्माचे तसे नाही. ती लग्न होऊन मुंबईत आलेली आहे आणि नवऱ्याचे, राकेशचे, मन दुसरीकडे गुंतलेले आहे. ती त्याच्या घरात राहू शकत नाही आणि झालेली गोष्ट माहेरी सांगण्याचा धीरही तिला होत नाही. म्हणजे तिच्यापाशी दोन घरे आहेत आणि ती दोन्ही तिला बंद आहेत. माजघर हे तिचे तिसरे घर.

येथे एका परदेशी मालिकेची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका २२ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झाली आणि दहा पर्वे चालून मे २००४ मध्ये संपली. तिच्यातही सहा मित्र, एक घर. तिच्या पहिल्याच भागात रेचेल नावाची मुलगी लग्नाचा पांढरा पोशाख अंगावर असतानाच लग्नमंडपातून पळून कॉफीच्या दुकानात शिरते. शाळेपासूनची मैत्रीण मोनिका तिला आश्रय देते. त्याच भागात मित्रमंडळी तिला वडिलांच्या पैशावर चालणारी क्रेडिट कार्डे कात्रीने कापायला लावतात. ती हॉटेलात कॉफी वाढण्याची नोकरी धरते आणि तिथून तिची नवी ओळख सुरू होते.

‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही ‘फ्रेंड्स’ची नक्कल आहे, असे म्हणणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. साचा तेथून आला असेल. पण या दोन मुलींची तुलना केली की नक्कल कोठे संपते ते दिसते. रेचेल लग्नाआधी निघाली, आणि स्वतःच्या मर्जीने निघाली. तिला कापायला कात्री मिळाली आणि कापण्यासारखी वस्तूही मिळाली. रेश्माच्या हाती कात्री नाही. तिचे लग्न झालेले आहे, तिने ते मोडलेले नाही, आणि ते टिकलेलेही नाही. रेचेल मागचे झटकून पुढे येते. रेश्मा मागचे पदराखाली झाकून पुढे येते. अमेरिकन मुलीला मित्र सांगतात, “आता तू मोकळी झालीस.” मराठी मुलीला मित्र एवढेच सांगू शकतात, “आम्ही कोणाला सांगणार नाही.” आमच्या समाजात मैत्रीचे पहिले काम गुपित राखण्याचे आहे, हे या मालिकेने अचूक ओळखले.

सखी गोखले यांच्या अभिनयाचा विशेषही येथेच आहे. वरवर पाहता रेश्मा ही घर नीटनेटके ठेवणारी, संस्कारी मुलगी. विनोदी मालिकेत अशा पात्राच्या वाट्याला सहसा उपदेश करणे किंवा थट्टा सोसणे एवढेच येते. पण त्या घरातील इतर पाचजण तिच्याशी पाच तऱ्हांनी वागतात आणि त्यामुळे तीही पाच ठिकाणी वेगवेगळी दिसते. सुजयच्या शिस्तीपुढे तिची गृहदक्षता ही कर्तबगारी वाटते, कैवल्यच्या बेफिकिरीपुढे तीच धास्ती वाटते, मीनलच्या धिटाईपुढे संकोच. नवऱ्याच्या घरी तिला एकच नाव होते, ‘बायको’. आणि तेही तिच्यापासून काढून घेतले गेले होते. मित्रांच्या घरी तिला एकदम पाच आरसे मिळाले. एका आरशात आपण जखमी दिसलो तरी दुसऱ्यात तसे दिसत नाही, हे कळल्यावर माणूस हळूहळू सावरू लागतो.

याच मंडळींनी पुढे २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ ही मालिका केली. तेच सहा नट. पण नावे नवी, माणसे नवी, नातीही नवी. ती मालिका काही महिन्यांतच आटोपली. तिचे दोष-गुण काहीही असोत, आम्हांला त्यातून एक गोष्ट शिकायला मिळाली. चेहरे तेच असले म्हणजे माणसे तीच होत नाहीत. वर्षभर एकमेकांना ओळखण्यातून जी रेश्मा आणि जो कैवल्य घडला होता, तो नटांच्या चेहऱ्यांत नव्हता. त्यांच्या एकमेकांशी असलेल्या इतिहासात होता. तो इतिहास पुसला की चेहऱ्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

काही उणिवा

मालिकेचे एवढे कौतुक केल्यावर तिच्या उणिवा सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली उणीव पैशाची. मुंबईत घरभाडे, दिवाबत्ती, प्रवास यांचा हिशेब जुळवताना सहा तरुणांच्या मैत्रीत जे ताण यावेत, ते या मालिकेत लवकर विरून जातात. नरडाण्याच्या भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे राहणारे कामगार ज्या तडफेने महिनाअखेरीचे पैसे मोजतात, ती तडफ माजघरात जाणवत नाही. मैत्रीची कसोटी गाण्याच्या मैफिलीत लागते त्याहून अधिक विजेच्या बिलापाशी लागते.

दुसरी उणीव आमच्या वाचकांना अधिक जाणवेल. सहा मित्रांत एक ॲना मॅथ्यूज आहे. आपल्यापैकी ज्यांनी जुने हिंदी चित्रपट पाहिले आहेत, त्यांना पडद्यावरील ख्रिस्ती मुलगी म्हटली की काय दाखवले जाई, हे सांगायला नको. क्लबातील नाच, हातातला पेला आणि खलनायकाची सोबत! त्या मानाने मराठी घराघरांत पोहोचलेल्या मालिकेत ॲना ही कोणतीही टीप न जोडता सहांतील एक म्हणून येते, तिच्या आडनावाचे कोणाला नवल वाटत नाही, ही स्वागताची गोष्ट आहे. वसईपासून अहिल्यानगरपर्यंत आणि खानदेशापर्यंत मराठीत बोलणारी, मराठीत प्रार्थना करणारी आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्यापैकी एखादी मुलगी माजघरात सहज दिसावी, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

पण रेश्माच्या माहेरा-सासरची जी काळजी आम्हांला लागली, तशी ॲनाच्या घराची लागली नाही. तिची आई कशी बोलते, तिच्याकडे नाताळात कोणता फराळ होतो, घरच्यांना तिच्या या मित्रांविषयी काय वाटते, हे जाणून घेण्याची ओढ आमच्या मनात राहून गेली. माणसाला मित्रांनी घडवले हे खरे. पण ज्याच्या मागे काहीच दिसत नाही, त्याच्यावर मैत्रीने घडवावे तरी काय? ‘मि. योगी’मधील उणीव येथे वेगळ्या रूपाने पुन्हा समोर येते. भूतकाळ आणि मैत्री ही दोन्ही असली तरच पात्राला सावली पडते.

नरडाण्यातील एक माजघर

आता पुन्हा आजींच्या प्रश्नाकडे येऊ. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्नेह्यांकडे शेजारपाजारची मंडळी फराळाला आली होती. त्यांत तिशीच्या आतबाहेरची एक बाई होती. तिचे लग्न चार वर्षांपूर्वी मोडले होते आणि ती माहेरी परत आली होती. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ती बांधणी-विभागात काम करते. कोणी तरी आमची तिच्याशी ओळख करून दिली ती अशी: “ही आपल्या अमक्यांची. परत आलेली.” सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. उलट थोडी दयाच होती. तरी ती बाई ज्या सवयीने खाली पाहू लागली, ती सवय चार वर्षांची होती, हे आमच्या लक्षात आले.

थोड्या वेळाने तिच्या दोन मैत्रिणी तिला शोधत आल्या. एक शिंदखेड्याची, दुसरी दोंडाईच्याकडची. तिघी तीन जातिधर्मांच्या. त्या येताच ती बाई निराळीच झाली. आवाज वाढला, हात हलू लागले, कोणा मुकादमाची नक्कल झाली आणि ओसरी हास्याने भरून गेली. आम्ही सहज विचारले, “तुम्ही तिघी कुठल्या?” तिने उत्तर दिले, “आम्ही पहिल्या पाळीच्या.” गाव नाही, घराणे नाही, सासर-माहेर नाही, पहिली पाळी. सकाळी अंधारात एकत्र निघणाऱ्या आणि एका डब्यात जेवणाऱ्या त्या तिघी. मालिकेतल्या मुलांनी आपल्या घराला नाव द्यावे तसे त्यांनी स्वतःला नाव दिले होते, आणि तेही कोणतीही मालिका न पाहता.

आम्ही येथे कुटुंबाविरुद्ध मैत्री असा वाद उभा करीत नाही. ज्या घरात ती बाई परत आली, त्या घराने दार उघडले होते. ते उघडले नसते तर पहिल्या पाळीला ती पोहोचलीच नसती. घराने छप्पर दिले आणि ते लहान देणे नव्हे. पण छपराखाली ती ‘परत आलेली’ होती, आणि कारखान्याच्या वाटेवर ती नकला करणारी, हसवणारी, दोघींची हक्काची मैत्रीण होती. यांतली खरी कोणती? विनोदी मालिका सांगते, दोन्ही. चिमणराव घरी घाबरट नवरा आहे आणि गुंड्याभाऊसमोर सूत्रधार आहे. आबा टिपरे कोणाचे वडील आहेत, कोणाचे सासरे आहेत, आणि शिऱ्याचे सवंगडी आहेत. माणूस एका नावात मावत नाही, हे विनोदाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकाच नावात माणसाला कोंडण्याचा अट्टाहास समाज करतो, आणि त्यातूनच विनोदाला विषय मिळतो, कधी दुःखालाही.

हलकीफुलकी करमणूक म्हणून ज्यांच्याकडे आपण पाहतो, त्या मालिकांचे मोल आम्हांला येथे दिसते. घरातील तीन पिढ्या एकत्र बसून त्या पाहतात. ज्या विषयावर जेवणाच्या ताटाशी कोणी तोंड उघडणार नाही, त्यावर आजी पडद्यावरच्या परक्या मुलीचे निमित्त करून प्रश्न विचारू शकतात आणि नात उत्तर देऊ शकते. मोडलेल्या लग्नावर आमच्या स्नेह्यांच्या घरात त्याआधी कधी चर्चा झाली असेल, असे आम्हांला वाटत नाही. रेश्मामुळे ती झाली. मालिका कलाकृती म्हणून थोर ठरो वा न ठरो, एवढे काम तिने केले.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या रात्री पुन्हा तोच कार्यक्रम झाला. आजी खाटेवर, नात जमिनीवर, रेश्मा पडद्यावर. त्या रात्री आजींनी “कोननी?” असे विचारले नाही. बऱ्याच वेळाने त्या एवढेच म्हणाल्या, “हाई पोरनं जेवन झायं का?”

त्यांच्या मनाने त्या मुलीला घरात घेतले होते. आपल्या धर्मग्रामांत, शेजारात, आपल्याच नात्यांत अशा रेश्मा पुष्कळ आहेत. वाचकांनी त्यांच्याशी बोलताना ‘कोणाची’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा आणि ‘कोणाबरोबर असतेस’ असे एकदा विचारून पाहावे. उत्तर ऐकताना कदाचित त्यांनाही तो चेहरा प्रथमच वर उठलेला दिसेल.